डब्यातल्या नोटा

"पन्नास," कौसर म्हणाली.

"घाई नको. पुन्हा बघ."

तिनं नोट पुन्हा डाव्या हाताच्या दोन बोटांच्या बेचक्यात अडकवली, ताणून धरली आणि उजव्या अंगठ्यानं तिची दुसरी कड शोधली. मला ते दिसत नव्हतं. पाचव्या वर्षी गोवर येऊन गेला तेव्हापासून मला काहीच दिसत नाही. पण नोट ताणल्याचा आवाज येत होता, आणि विचार करताना कौसर नाकानं जोरात श्वास घ्यायची, तोही ऐकू येत होता.

"शंभर?"

"विचारू नकोस. सांग."

"शंभर."

"दोनशेची होती," मी म्हणालो आणि हात पुढे केला. तिनं नोट माझ्या तळव्यावर ठेवली. मी ती बोटांतून एकदा फिरवली, हुंकार भरला आणि डब्यात टाकली. नोट देताना तिची बोटं मला लागली होती.

"बोटांची टोकं एवढी खरखरीत कशानं झाली गं?"

"काही नाही सर."

"ब्रेल वाचताना त्रास होईल. तेल लावत जा."

"हो सर. दुसरी द्या ना."

आमच्या अंधशाळेत दर गुरुवारी दुपारी व्यवहाराचा तास असायचा. हा तास मीच सुरू केला होता. त्यात चहा कपाबाहेर न सांडता कसा ओतायचा, रस्ता ओलांडताना कान कुठे ठेवायचा, घराची कडी बाहेरून नीट लागली की नाही हे कसं पाहायचं, असं सगळं शिकवायचो. शेवटी नोटा. नोटांसाठी माझ्याकडे बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा होता, त्यात सगळ्या प्रकारच्या खऱ्या नोटा. मी एकेक नोट काढायचो, मूल ती चाचपून सांगायचं, मी चूक की बरोबर ते सांगायचो. मुलं चुकली तरी मी कधी आवाज चढवला नाही. मला शिकवायला आवडायचं. मूल अडखळत असताना शेजारी गप्प बसून राहण्यात मला जेवढं सुख मिळालं, तेवढं दुसऱ्या कशात मिळालं नाही.

कौसर मणेर सातवीत होती. तिच्या वडिलांचं, युसूफभाईंचं, बाजारात बांगड्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे चार खांब, वर ताडपत्री आणि खाली फळी. सुट्टीत कौसर तिथं बसायची. बाईचा हात नुसता हातात घेतला की कुठल्या मापाची बांगडी लागेल ते ती सांगायची, आणि काच न फुटू देता भरायचीही. दिवाळीत मात्र घोटाळा झाला. वडील नमाजाला गेले असताना कुणीतरी तिच्या हातात वीसची नोट ठेवली आणि 'पाचशेची आहे, सुट्टे दे' म्हणालं. तिनं बांगड्या दिल्या आणि वर गल्ल्यातले पैसेही मोजून दिले. युसूफभाई ओरडले नाहीत. "तू आता घरीच थांबत जा, बेटा," एवढंच म्हणाले.

त्या दिवसापासून तिला एकच ध्यास होता. फेब्रुवारीत गावात उरूस भरायचा. वर्षातली सगळ्यात मोठी विक्री तेव्हाच. तिला उरसाला दुकानावर बसायचं होतं. वडिलांनी सांगितलं होतं, "सबनीस सर म्हणाले की तुला नोटा कळायला लागल्यात, तर बसवीन." म्हणून ती गुरुवारची वाट न बघता रोज मधल्या सुट्टीत माझ्याकडे यायची.

"ही घे," मी म्हणालो.

नोट घेताना तिचं कोपर डब्याला लागलं. डबा टेबलावरून खाली पडला, झाकण खणखणत भिंतीपर्यंत गेलं. आम्ही दोघांनी खाली बसून फरशीवरून हात फिरवत नोटा गोळा केल्या.

"सगळ्या मिळाल्या सर. आता विचारा."

मी डबा मांडीवर घेऊन बसलो. तिचा श्वास जवळ ऐकू येत होता.

"आज पुरे," मी म्हणालो. "बोटं दमली की काही कळत नाही."

"माझी नाही दमली."

"माझी दमली," मी म्हणालो. ती हसली. तिला वाटलं मी गंमत करतोय.

त्या संध्याकाळी डबा मी घरी नेला. माझी बायको वत्सला शिवणाच्या मशीनवर होती. मशीन थांबलं.

"पडला वाटतं?"

"हो."

ती माझ्यासमोर येऊन बसली. नोटा लावताना होणारी कागदाची सळसळ मला पाठ झाली होती. "वीस जुनी, पन्नास नवी, दोनशे, शंभर जुनी, दहा, पाचशे, शंभर नवी, पन्नास जुनी," ती म्हणत गेली आणि मी मनात तो क्रम घोकत गेलो. मग तिनं माझं पाकीट मागितलं. त्यात चार कप्पे होते, तिनंच शिवलेले. पहिल्यात दहाच्या, दुसऱ्यात वीसच्या, असं ती रोज सकाळी लावून द्यायची. आज संध्याकाळीच लावलं.

"अहो, एक विचारू? शाळेत सांगून का टाकत नाही?"

"काय सांगू?"

"हेच. की नव्या नोटा कळत नाहीत म्हणून. कुणाला कळतात? परवा मलाच दिवा गेल्यावर कळेना."

"तू दिवा आला की बघशील. पोरं काय बघतील?"

मग मशीन पुन्हा सुरू झालं.

हे असं नेहमीच नव्हतं. जुन्या नोटा होत्या तोवर मला त्या खरोखर कळायच्या. नोटेची किंमत वाढत जाई तशी ती मोठी होत जाई, आणि माझ्या बोटांवर प्रत्येकीचं टोक कुठे येतं ते मला ठाऊक होतं. मी खिशात हात घालून सांगायचो. एसटी स्टँडवरचे कंडक्टर माझ्यावर चहाच्या पैजा लावायचे आणि जिंकायचे. 'सबनीस सरांची बोटं' हे गावात बोलण्यातलं झालं होतं. मग नोटबंदी आली. काही जुन्या नोटा गेल्या, काही राहिल्या, त्यांच्याबरोबर नव्या आखूड नोटा फिरायला लागल्या. नवी पाचशेची आणि जुनी वीसची जवळ धरली तर कडेला नखाएवढा फरक. नोटेवर उठावाच्या खुणा असतात, रेघा असतात. कोऱ्या नोटेवर त्या लागतातही. पण बाजारात फिरून आलेली नोट धुतलेल्या फडक्यासारखी होते. एकदा मी भाजीवालीला वीसची समजून पाचशेची दिली आणि मेथीची जुडी घेऊन घरी आलो. वत्सलानं पाकीट पाहिलं तेव्हा ते कळलं. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. पैसे गेल्याचं दुःख फारसं नव्हतं. भाजीवाली ओळखीची होती, रोज 'या सर' म्हणायची. दुसऱ्या दिवशीही ती 'या सर' म्हणाली आणि मी तिला काही विचारलं नाही.

बोटं गेली, पण नाव राहिलं. मी ते नाव पाकिटात घालून फिरत होतो.

जानेवारी संपता संपता मुख्याध्यापक घोरपडे सरांनी मला बोलावलं. ते डोळस होते, घाईचे होते, पण माणूस सरळ.

"सबनीस, मुंबईहून माणसं येताहेत. नोटांबद्दल अंध लोकांना काय अडचण येते ते पाहायला शाळाशाळांतून फिरताहेत. केळुसकर म्हणून कुणी बाई आहेत. आपली शाळा निवडलीय."

"चांगलं आहे."

"चांगलं कसलं, संधी आहे! दुसरीकडे पोरं रडगाणी गातील. आपल्याकडे तुम्ही आहात. पोरांची जरा तयारी करून घ्या, आणि शेवटी तुमचं ते पाकीट काढून दाखवा. चाट पडतील."

"सर, त्यांना अडचणच पाहायची असेल तर..."

"तपासणीला आलेल्या माणसासमोर आपण कधी अडचण मांडलीय का? पाहुण्यांसमोर घर झाडूनच ठेवतो ना आपण?"

मी हो म्हणालो. ते अगदी सहज माझ्या तोंडून गेलं. तीस वर्षं मी तपासणीच्या आदल्या दिवशी मुलांकडून उत्तरं पाठ करून घेत आलो होतो. कुठला शिक्षक घेत नाही?

केळुसकर मॅडमचा आवाज घोगरा होता आणि त्यांच्याजवळ लवंगेचा वास यायचा. त्यांच्याबरोबर एक तरुण होता. तो लिहून घ्यायचा आणि 'हो मॅडम' याखेरीज काही बोलायचा नाही. हॉलमध्ये सतरंजीवर मुलं बसली होती. मी पुढे खुर्चीत, डबा मांडीवर.

"डबा राहू दे सर," मॅडम म्हणाल्या. "मी बाजारातूनच नोटा आणल्यात. भाजीवाल्यांकडून बदलून घेतल्या, चांगल्या मळलेल्या. मुलांनो, ही परीक्षा नाही बरं का. नोट ओळखता आली नाही तर तसं सांगायचं. अडचण आहे असं दिसलं तर आम्हाला वर तसं कळवता येईल."

पहिला उठला हणमंत. त्यानं तीनपैकी एक बरोबर सांगितली. मग दोन मुली, मग आणखी एक मुलगा. शंभरला दोनशे, पाचशेला वीस, दहाला पन्नास. घोरपडे सरांच्या चपला हॉलच्या कडेनं येरझाऱ्या घालत होत्या.

"घाबरलीत पोरं, मॅडम. एरवी फडाफडा सांगतात."

मग कौसर आली. ती घाबरलेली नव्हती. प्रत्येक नोट ती बराच वेळ धरत होती आणि तिचा तो नाकातला श्वास मला खुर्चीपर्यंत ऐकू येत होता. एकही नोट बरोबर आली नाही.

"काय अडचण येते तुला, बाळ?"

"अडचण काही नाही मॅडम. माझी बोटं मठ्ठ आहेत."

"असं कोण म्हणालं तुला?"

"कुणी नाही. सरांना सगळ्या येतात ना. म्हणजे नोटेत ते असतंच. मलाच लागत नाही."

माझी बोटं डब्याच्या झाकणावर होती, ती तिथंच राहिली.

"सर म्हणजे हेच?" मॅडमनी विचारलं.

"हेच, हेच!" घोरपडे सर पुढे आले. "सबनीस, दाखवा बरं. पाकीट काढा."

मी उठलो. खिशातून पाकीट काढलं आणि पहिल्या कप्प्यात बोट घातलं. "दहा." दुसऱ्या कप्प्यातून काढली. "वीस." मग शंभर, मग पाचशे. मुलांनी टाळ्या वाजवल्या. ती नेहमीच वाजवायची.

"वा," मॅडम म्हणाल्या. "पण सर, पाकीट तुमचं आहे. लावून ठेवलेलं असणार. माझ्याजवळची एक सांगता?"

नोट माझ्या हातात आली. ती इतकी मऊ होती की तिला कडच उरली नव्हती. मी ती बोटांच्या बेचक्यात धरली, ताणली. अंगठा टोकापर्यंत गेला आणि त्याला काहीही कळलं नाही. काहीही. खुणेच्या जागी चाचपलं तर तिथं नुसता मळ. समोर सतरंजीवर चाळीस पोरं श्वास धरून बसली होती. तेव्हा 'नाही कळत' एवढंच म्हणायचं होतं. त्या बाई त्यासाठीच मुंबईहून आल्या होत्या.

"शंभर," मी म्हणालो.

मग मॅडम म्हणाल्या, "बरोबर."

हॉल दणाणला. घोरपडे सरांनी माझ्या पाठीवर थाप मारली. टाळ्यांमध्ये अगदी जवळून एक टाळी येत होती, बाकीच्या थांबल्यावरही ती थांबली नव्हती. ती कौसरची होती.

"लिहून घ्या," मॅडम त्या तरुणाला म्हणाल्या. "योग्य सराव मिळाला तर नोटा ओळखता येतात."

"हो मॅडम."

पाहुणे घोरपडे सरांच्या खोलीत चहा-चिवड्याला गेले. मुलं वर्गात गेली. मी व्हरांड्यात खांबाला टेकून उभा राहिलो. हात धुवावेसे वाटत होते. चपला ओढत कुणीतरी आलं आणि जवळ येऊन थांबलं.

"सर, अब्बा आलेत. गेटाजवळ उभे आहेत."

"कशाला?"

"उरसाचं विचारायला. सर, त्यांना तुम्ही सांगता का, मला बसवू नका म्हणून? मी सांगितलं तर ते म्हणतात अजून शीक, अजून शीक. तुम्ही एकदा सांगितलं की संपलं."

तिच्या आवाजात रडं नव्हतं. एखादी फुटलेली बांगडी बाजूला काढून ठेवावी तशी ती बोलत होती. तिनं ठरवून टाकलं होतं.

"कौसर," मी म्हणालो, "हॉलमधली ती नोट मला कळली नव्हती."

"पण बरोबर आली."

"नेम लागला."

ती म्हणाली, "आणि डबा?"

"डब्यात नोटा ओळीनं लावलेल्या असतात. माझी बायको लावून देते. मला ती ओळ पाठ असते."

"म्हणून त्या दिवशी पडल्यावर..."

"हो."

"पाकीट?"

"तेही."

व्हरांड्यात चिमण्या ओरडत होत्या. गेटापाशी युसूफभाई खाकरले. ते त्यांचंच खाकरणं होतं, मला ओळखू आलं.

"म्हणजे नोटेतच नसतं ते?" ती म्हणाली.

"मळलेल्या नोटेत नसतं. तुझ्या बोटांना काही झालेलं नाही."

"झालंय," ती म्हणाली. "मी धुण्याच्या दगडावर घासते रोज. धार यावी म्हणून."

मी तिचा हात हातात घेतला. बोटांची टोकं खरखरीत तर होतीच. एका बोटावर खपली धरली होती. हे हात बाईचं मनगट धरून माप सांगायचे. 'तेल लावत जा' असं मी त्यांना म्हणालो होतो. तिनं हात काढून घेतला.

"मॅडम गेल्या का?" तिनं विचारलं.

"नाही. चहा घेताहेत."

तिनं माझी बाही धरली. मला वाट माहीत होती, तरी मी तिच्या मागे गेलो.

खोलीत कपबशांचा आवाज होता. आम्ही दारात उभे राहिलो.

"या सबनीस, चहा घ्या," घोरपडे सर खुशीत म्हणाले.

"मॅडम, मघाशी मी अंदाजानं सांगितलं. मला ती नोट ओळखता आली नव्हती. मला पुन्हा नोटा द्या."

कपबशी खाली ठेवल्याचा आवाज आला.

"सबनीस, आधी चहा घ्या," घोरपडे सर म्हणाले, पण आवाज बदलला होता.

"इथंच देऊ का?" मॅडमनी विचारलं. त्या पर्स उघडत असाव्यात.

"नको. हॉलमध्ये. टाळ्या तिथं वाजल्यात."

मुलांना पुन्हा सतरंजीवर बसवलं. युसूफभाईही आत येऊन मागे उभे राहिले. त्यांच्या अंगाला लाखेचा वास असायचा. मॅडमनी पहिली नोट दिली.

"वीस," मी म्हणालो.

"पाचशे, सर."

दुसरी. "दोनशे."

"पन्नास."

तिसरी, चौथी. मी प्रत्येक नोट नीट ताणून, खुणा चाचपून, मुलांना शिकवतो तसंच सगळं करून सांगत होतो. जेवढं नीट करावं तेवढं चुकत होतं. माझे कान तापले होते. मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं आणि त्याला कुणीतरी चापट मारली. पाचव्या नोटेला मी म्हणालो, "मला नाही कळत." हे वाक्य मी शाळेत पहिल्यांदा बोललो.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मग हणमंतचा आवाज आला.

"सर, मी सांगू का? मी रिक्षावाल्याकडे शंभरचे सुट्टे मागितले, तर त्यानं दहाच्या दोन दिल्या होत्या. पन्नासच्या आहेत म्हणाला."

"कधी रे?"

"मागच्या वर्षी."

"मला सांगितलं नाहीस ते?"

त्याच्या शेजारून एक मुलगी म्हणाली, "माझा मामा दर राखीला शंभर दिले म्हणतो सर. आई म्हणते दहा असतात." मग कुणाचं किराणा दुकान, कुणाचं मेडिकल, कुणाचा सख्खा भाऊ. मुलं एकमेकांना थांबवत बोलायला लागली. कुणी हसत होतं, कुणी मामाला शिव्या घालत होतं. तो तरुण घाईनं पानं उलटत होता.

"थांबा, थांबा, एकेक," मॅडम म्हणाल्या. मग त्याला म्हणाल्या, "ते मघाचं वाक्य खोडा आधी."

मी खुर्चीत बसून ऐकत होतो. किती वर्षं मी व्यवहाराचा तास घेत होतो. यातली एकही गोष्ट त्या तासाला माझ्यासमोर आली नव्हती. सगळ्यांच्या खिशात एकेक होती, आणि सगळ्यांनी ती माझ्यासारखीच घडी घालून ठेवली होती.

पाहुण्यांची गाडी गेल्यावर घोरपडे सर माझ्याजवळ आले. ते चिडतील असं मला वाटलं होतं.

"मला आधी सांगायचं होतं ना, सबनीस," ते म्हणाले. "मी काय परका होतो?" ते चिडले असते तर बरं झालं असतं.

गेटाशी युसूफभाई थांबले होते.

"सर, मग हिला बसवू का नको?"

"मी काय सांगणार युसूफभाई? मला कळत नाही हे तुम्ही पाहिलंत. तिलाच विचारा."

कौसर अब्बांचा हात धरून निघून गेली. त्यानंतर बरेच दिवस ती मधल्या सुट्टीत माझ्याकडे आली नाही. वर्गात उत्तरं द्यायची, 'सर' म्हणायची, पण हसायची नाही. मी तिला दोष दिला नाही. त्या दिवसानंतर मी डबा कपाटात ठेवून दिला. व्यवहाराच्या तासाला मग आम्ही नुसते बोलायला लागलो.

त्या मुंबईच्या माणसांनी वर काय कळवलं ते मला ठाऊक नाही. आता फोनसमोर नोट धरली की फोन बोलतो. माझा नातू तो मला लावून देतो. तेव्हा तसं काही नव्हतं.

उरसाच्या दुसऱ्या दिवशी वत्सला म्हणाली, "बांगड्या घ्यायच्यात, चला." निघताना तिनं सवयीनं पाकीट मागितलं. मी म्हणालो, "राहू दे आज. असंच नेतो."

"मिसळलेलं?"

"मिसळलेलं."

बाजारात पाळण्यांचा किरकिराट होता, भज्यांचा वास होता, माणसावर माणूस होता. युसूफभाईंच्या ताडपत्रीखाली बायकांची गर्दी होती आणि त्या गर्दीतून कौसरचा आवाज येत होता. "हात सैल सोडा मावशी, आखडू नका. हां, असा." ती बसली होती. वत्सलानं हात पुढे केला. कौसरनं तो धरला, माप सांगितलं आणि हिरव्या बांगड्या भरल्या. एकही फुटली नाही.

"सर पण आलेत," वत्सला म्हणाली.

"माहितीये. ते खोकले मघाशी," कौसर म्हणाली.

मी पाकिटातून एक नोट काढून पुढे केली.

"कितीची आहे सर?"

"मला माहीत नाही," मी हळूच म्हणालो. शेजारी बायका उभ्या होत्या. त्यांतल्या एक-दोघींची मुलं आमच्या शाळेत होती.

"मोठ्यानं बोला सर, ऐकू येत नाही."

तिला ऐकू आलं होतं. पुटपुटलेलं ऐकू येणारी ती मुलगी होती.

"मला माहीत नाही!" मी म्हणालो.

आजूबाजूचं बोलणं थांबलं. कौसरनं नोट डोक्यावर उंच धरली असावी, कारण तिच्या हातातल्या बांगड्या वरच्या बाजूला वाजल्या.

"रशीदचाचा! ही कितीची?" ती ओरडली.

"दोनशे!" शेजारच्या दुकानातून उत्तर आलं.

"मावशी, तुम्ही बघा. दोनशेच ना?"

"हो गं बाई, दोनशेच."

"दोघांना विचारायचं," ती मला म्हणाली. "एक खोटं बोलला तरी दुसरा असतो. आणि ओरडून विचारलं की कुणी खोटं बोलत नाही." गल्ला उघडला, सुट्टे काढले आणि माझ्या हातावर ठेवले. दोन नोटा होत्या. एक कडक, एक अगदी मऊ.

मी त्या पाकिटात घालायला लागलो.

"सर," ती म्हणाली. आवाज पहिल्यासारखा होता, हसू आवरणारा. "विचारलं नाहीत."

वत्सलानं माझ्या पाठीला हात लावला. बायका थांबून राहिल्या होत्या. मागे कुणीतरी पुढच्याला 'काय झालं' म्हणून विचारत होतं. माझे कान पुन्हा तापले, मानेपर्यंत. मी दोन्ही नोटा डोक्याच्या वर धरल्या आणि सगळ्या बाजाराला विचारलं.